स्वस्ताई मांडायची कुणाच्या खात्यावर?

सरकारनं भाव बांधावेत का, हा विषय निघाला की मला आमच्या दुकानातलं एक भांडण आठवतं. २०१९ च्या पुरात मेणबत्तीचा पुडा केवढ्याला विकायचा यावरनं माझं आणि वडिलांचं भर दुकानात भांडण झालं होतं. ज्यांनी तो ऑगस्ट सांगलीत काढलाय त्यांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटावर गेलेली, धोका पातळी ४५, गावात होड्या चाललेल्या, लाईट नाही, रस्ते बंद. आमचं दुकान विश्रामबागच्या बाजूला, उंचावर, म्हणून चालू. ३० रुपये छापील किंमत असलेला पुडा बाहेर ७०-८० ला जात होता. मी म्हणलं आपण निदान ५० तरी लावू, पुढचा माल कधी येतोय कुणास ठाऊक. वडील खवळले, म्हणले बुडालेल्या माणसाच्या खिशात हात घालतोस का, छापील किमतीत दे.

दिला. दीड तासात सगळा माल खल्लास. आणि गेला कुठं, तर पहिल्या आठ-दहा जणांनी पाच पाच, दहा दहा पुडे उचलले, त्यातल्या दोघांच्या घरी इन्व्हर्टर आहे हे मला पक्कं माहितीय. संध्याकाळी नदीकाठच्या गावभागातनं पाहुण्यांकडं येऊन उतरलेली एक बाई कडेवर पोरगं घेऊन आली, तिला द्यायला एक मेणबत्ती शिल्लक नव्हती. वडिलांनी देवघरातल्या दोन काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर एक जुनं खोकं सापडलं. वडिलांनी भाव तोच ठेवला, फक्त घरटी एकच पुडा, मग तो नगरसेवक असूदे नाहीतर आमचा सख्खा चुलता. चुलत्याला राग आला तो आजतागायत आहे, पण ते खोकं रात्रीपर्यंत पुरलं.

सरकारनं जीवनावश्यक वस्तूंचे भाव बांधावेत का नाही या विषयावर माझं म्हणणं त्या दोन दिवसातनं तयार झालंय. भाव बांधणं हे सगळ्यात सोपं काम आहे, पाटी लावली की झालं. अवघड काम म्हणजे त्या भावात माल प्रत्येकाच्या हातात पडेल हे बघणं, आणि त्यात जो तोटा होतो तो कुणाच्या खात्यावर मांडायचा हे आधी ठरवणं. आमच्या दुकानात तो तोटा आम्ही आमच्या खात्यावर मांडला, राजीखुशीनं. सरकार करतं तेव्हा वहीत नाव कुणाचं असतं?

कधी कधी नाव सरकारचं स्वतःचंच असतं, तिथं माझी तक्रार नाही. रेशनचा गहू २ रुपयानं, तांदूळ ३ रुपयानं मिळायचा आणि जानेवारी २०२३ पासनं तर फुकट, पण तो माल सरकार हमीभावानं विकत घेतं, गोडाऊनला ठेवतं, फरक तिजोरीतनं भरतं. त्यात गळती आहे, मशीनवर अंगठ्याचा ठसा लागत नाही म्हणून म्हातारी माणसं ताटकळतात, सगळं आहे. पण हिशेब सरळ आहे. घरटी ठरलेला माल, ठरलेला भाव, आणि बिल सगळ्यांच्या टॅक्समधनं.

आता दुसरा प्रकार बघा. माझी थोरली बहीण लोणंदजवळ दिलीय, दाजींचा कांदा आहे. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला लोणंदचा कांदा बाजार काय ते माहितीय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर टनाची अट आली, की याच्या खालच्या भावात बाहेर विकायचाच नाही, आणि ८ डिसेंबरपासनं निर्यात सरळ बंद. दाजींचा हळवा कांदा तेव्हा रानातनं निघत होता. ज्यांना फरक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गरवा कांदा उन्हाळ्यात निघतो, तो कांदाचाळीत चार-पाच महिने ठेवता येतो, भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. हळव्याला ती सोय नाही. पाणीदार असतो, महिनाभरात मोड फुटतात नाहीतर सडतो. म्हणजे बंदी आली तेव्हा शेतकऱ्याच्या हातात असा माल होता जो त्याला आज नाहीतर उद्या विकायलाच लागणार होता. मग भाव कोसळायला काय वेळ लागतो? लासलगावला लिलाव बंद पाडले लोकांनी, तेव्हा टीव्हीवर दिसलं असेल.

दाजींची त्या वेळची पट्टी, म्हणजे बाजारातली विक्रीची पावती, माझ्याकडं आहे. ४० पिशव्या, वजन २०१२ किलो, दर १६०० रुपये क्विंटल, झाले ३२,१९२. हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळून २,८९२ गेले, हातात २९,३००. बंदीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्याचा तसलाच माल ३४०० नी गेला होता. मी दुकानदार माणूस, सवयीनं मागच्या पानावर हिशेब केला. फरक क्विंटलला १८००, एकूण ३६,२१६ रुपये. उधारीच्या वहीत ते दाजींचं येणं म्हणून लिहिलं, पण देणारा कोण हे काय लिहिता येईना, ती जागा मोकळीच आहे अजून.

आणि गंमत म्हणजे माझ्या दुकानासमोरच्या गाड्यावर पुढचे तीन आठवडे कांदा चाळीसच्या खाली आला नव्हता. शेतात भाव पडतो तो एका रात्रीत, गिऱ्हाईकापर्यंत यायला त्याला एसटी मिळत नाही बहुतेक.

बंदी उठली कधी तर ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आमच्या सांगली-साताऱ्यात मतदान ७ मे ला होतं. मी काही म्हणत नाही, तारखा फक्त सांगितल्या. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. तोवर बाहेरच्या गिऱ्हाईकाला कळून चुकलं की हा दुकानदार मनात आलं की शटर ओढतो. २०१९ ला बंदी, २०२० ला बंदी, २०२३ ला बंदी. माझं दुकान असं चाललं असतं तर उधारीवालेसुद्धा राहिले नसते माझ्याकडं.

याच्यापेक्षा सरकारनं जो कांदा स्वतः खरेदी करून मोठ्या शहरात २५ रुपयानं विकला तो प्रकार मला पटतो. कमी पडला असेल, उशिरा आला असेल, पण स्वस्ताई सरकारच्या खात्यावर पडली. मुंबईतल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा याला माझा विरोध नाही हो. तो लोणंदच्या माणसाच्या खात्यावर का, एवढंच विचारतोय.

२०२३ च्या त्याच डिसेंबरात, बंदी आली त्याच आठवड्यात, उसाच्या रसापासनं इथेनॉल करायचं नाही असा पण आदेश निघाला, साखर महाग होईल म्हणून. ज्या कारखान्यांनी सरकारच्याच सांगण्यावरनं कर्ज काढून डिस्टिलऱ्या टाकल्या त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते, मग आठवड्यानं थोडी ढील दिली. (कारखानदारांची बाजू घेतोय असं कमेंटला लिहू नका, उसाच्या वजनातली काटामारी मला पण माहितीय, तो वेगळा विषय आहे.) उसाचा भाव एका बाजूनं सरकार ठरवतं, एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच तो कमीतकमी भाव, २०१८-१९ ला टनाला २७५० होती ती २०२४-२५ ला ३४०० झाली. साखरेचा कमीतकमी विक्रीदर पण सरकारच ठरवतं, तो २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये केला आणि ऊस ३४०० ला पोचला तरी ३१ च. कुठल्या महिन्यात किती साखर विकायची त्याचा कोटा पण दिल्लीतनंच येतो. आणि चौदा दिवसात शेतकऱ्याचे पैसे द्या असा कायदा. सगळ्या दोऱ्या एकाच्या हातात, आणि गाडा अडकला की शिव्या खायला कारखान्याचा चिटबॉय, उसाच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणारा.

आमची आजी साखरेचं एक सांगायची. आत्याच्या लग्नाला जादा साखर पाहिजे म्हणून आजोबांनी मामलेदार कचेरीत तीन हेलपाटे घातले, परमिट काढायला. माडीवरनं कारखान्याची चिमणी दिसायची, दारावरनं उसाच्या गाड्या जायच्या, आणि घरात साखर नाही. आजी म्हणायची, "साखर स्वस्त हुती रं, पर हुती कुठं?" शेवटी निम्मी परमिटची आणली, निम्मी मागच्या दारानं, चढ्या भावात. ७२ च्या दुष्काळात रेशनला मिळालेला तो लाल मिलो, म्हणजे बाहेरनं आलेली लाल ज्वारी, पण तिनं खाल्लेला, त्याला मात्र ती नावं ठेवायची नाही. चवीला ठेवायची, पण मिळत होता ना, म्हणायची. त्यानंतर १९७३ ला सरकारनं गव्हाचा अख्खा होलसेल व्यापारच हातात घेतला होता, व्यापारी साठे करतात म्हणून. वर्षभरात सोडून द्यायला लागला, कारण ठरवलेल्या भावात शेतकरी गहू बाजारात आणेचना.

साठ्यावरनं आठवलं. साठेबाज म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर आमच्यासारखा पोट सुटलेला माणूस गोणीवर बसलेला येतो. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे, त्यात सरकारला साठ्यावर मर्यादा घालता येते. २०२२ ला खाद्यतेलावर लागली होती, किरकोळ दुकानाला ३० क्विंटल, होलसेलला ५००. ३० क्विंटल म्हणजे १५ किलोचे दोनशे डबे. माझ्याकडं आयुष्यात कधी चाळीसच्या वर डबे नव्हते, त्यामुळं माझं काही बिघडलं नाही. पण युक्रेनच्या लढाईनं सूर्यफूल तेल आधीच मिळेना, त्यात मोठ्यांनी माल उचलणं कमी केलं, कोण कशाला कटकट मागं लावून घेतंय, आणि मला पाच मागितले की दोन डबे यायला लागले, तेही रोखीनं. आणि बातम्या बघून गिऱ्हाईक काय करायला लागलं? जे घर महिन्याला एक डबा न्यायचं त्यांनी तीन नेले. सगळा साठा गोडाऊनमधनं उठून लोकांच्या पलंगाखाली गेला, तिथं काय तपासणी येत नाही.

माझं पण खोटं कशाला लपवू. २०२४ च्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं, दसऱ्याच्या तोंडावर, तेव्हा माझ्याकडं जुने अठरा डबे होते ते मी दुसऱ्या दिवशी डब्यामागं अडीचशे वाढवून विकले. एक वहिनी म्हणाल्या, भाऊ हा तर जुना माल. जुनाच होता. पण तो विकून आलेल्या पैशात मला नवा डबा भरायचा होता, नव्या भावानं. याला नफेखोरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. ते शुल्क सोयाबीनवाल्यांसाठी वाढवलं होतं, हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात त्याच्या खालीच चाललेलं म्हणून. तेल महाग झालं, सोयाबीन काय हमीभावाला पोचलं नाही. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क २० टक्क्यांवरनं १० वर आणलं. मधल्या काळात वहिनींनी जास्त दिले ते गेले कुठं, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता सगळं बाजारावर सोडा म्हणणारे खूष झाले असतील, त्यांच्यासाठी पण आहे. माझ्या मामाची ॲन्जिओप्लास्टी झाली मिरजेत, २०१८ ला. आदल्या वर्षी फेब्रुवारीत सरकारनं औषधवाल्या स्टेंटचा, म्हणजे हृदयाच्या नळीत बसवायच्या जाळीचा, भाव २९,६०० ला बांधला होता, त्याच्या आधी तो लाखाच्या पुढं लावायचे. टेबलावर झोपलेला माणूस काय भाव करणार? चार हॉस्पिटल फिरून बघतो म्हणणार? तिथं बाजार नावाची गोष्टच नसते, मधल्यांचा नफा अफाट असतो, तिथं भाव बांधला तर तोटा त्या नफ्याच्याच खात्यावर पडतो आणि ते बरोबर आहे. मामांचं एकूण पॅकेज त्या मानानं काय उतरलं नव्हतं, बाकीच्या रकमा कशा फुगल्या ते बिल बघून कळलं, पण तरी बांधलं ते बरोबरच.

म्हणून कुणी भाव बांधायला पाहिजे म्हणलं की मी एवढंच विचारतो, माल कोण पुरवणार आणि फरक कोण भरणार.

परवा दाजींनी टेम्पोत दोन पिशव्या कांदा टाकून दिला, घरी खायला एक आणि दुकानात विकायला एक. मी ३० ची पाटी लावली. आमच्या कॉलनीत एक काका आहेत, सरकारी नोकरीतनं रिटायर, पेन्शन येते, महागाई भत्ता वाढला की पेढे वाटतात, माणूस चांगला आहे. एक एक कांदा दाबून बघत म्हणले, "काय शेठ, तीस? सरकारनं लक्ष घालायला पाहिजे आता." मी काही बोललो नाही, काउंटरच्या काचेखालची दाजींची पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. चष्मा लावला, वरपासनं खालपर्यंत दोनदा वाचली. मग म्हणले, "दोन टन कांद्याचे एवढेच?" आणि पट्टी परत दिली. थोडा वेळ उभे राहिले, पिशवीत दोन किलो भरून घेतले, साठ रुपये मोजून दिले, आणि जाता जाता वरनं दोन कांदे उचलून पिशवीत टाकले.