लिली म्हणून दिलेले कांदे

आमच्या पुण्यातल्या गॅलरीत लिलीच्या सात कुंड्या आहेत. म्हणजे ज्यांनी कंद दिले त्यांनी ‘लिली’ म्हणून दिले, आणि मला नको म्हणता येत नाही.

पहिले चार वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिले. पिशवी ओट्यावर ठेवून हात धुवायला गेलो, परत येतो तो एकाची मान उडालेली. मुठीएवढा गोल गड्डा, वर तपकिरी पापुद्रे. बायकोचा तरी काय दोष! “अहो, पोह्यांना घेतला. पण डोळ्यांत पाणी येईना, म्हणून थांबले.” थांबली ते बरं झालं, नाहीतर सगळा रविवार ओकाऱ्या काढण्यात गेला असता.

त्याच दिवशी कुरिअरने ‘ओरिएंटल लिली’चे पाच कंद आले. हे लसणासारखे, पाकळ्या पाकळ्यांचे, आणि वर पापुद्रा नाही. काकूंच्या कंदांची मान मातीबाहेर ठेवायची आणि ओरिएंटलचे कंद त्यांच्या उंचीच्या तिप्पट खोल गाडायचे, कारण त्यांना कंदाच्या वर दांड्यालाही मुळं फुटतात. हे सगळं मी पाठ केलं होतं. फक्त कुठला कुठला, यात घोळ झाला. काकूंचे खोल गेले, त्यातले दोन कुजले. ओरिएंटलचे वर राहिले. फूटभर वाढले आणि पिऊन आल्यासारखे ग्रिलला टेकून आडवे झाले.

मग बातमी पसरली की यांना लिली आवडते. ऑफिसातल्या एकाने गुलाबी रेन लिली दिली. उन्हाळाभर रोज पाणी घातलं, ढिम्म हलली नाही. जूनमध्ये दोन दिवस पाऊस कोसळला आणि आठवड्याच्या आत कुंडीभर फुलं. म्हणजे माझं पाणी पाणीच नव्हे! मावशीची फुटबॉल लिली वर्षातून एकदा, मे महिन्याच्या आसपास फुलते. लालभडक चेंडू येतो. तो चेंडू एक फूल नसून बारीक फुलांचा आख्खा मेळावा असतो. आम्ही नागपूरला लग्नाला गेलो त्याच आठवड्यात हा मेळावा भरला. वॉचमनने फोटो पाठवला, तोही अंगठ्यासकट. मेहुण्याच्या पीस लिलीचं पांढरं फूल महिना झाला तरी कोमेजेना, म्हणून मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो. ते फूल नसून पान निघालं. खरी फुलं मधल्या कणसावर, भिंग घेऊन बघावी एवढाली.

एका रात्री या सगळ्यांची कुळं शोधायला बसलो. काकूंची, ऑफिसची आणि मावशीची, तिन्ही ज्या कुळातल्या, त्याच कुळात वनस्पतिशास्त्रज्ञ आता कांदा-लसूणही धरतात. पीस लिली अळूची भाऊबंद. खरी लिली एकच, ती आडवी झालेली.

“म्हणजे मी चिरला तो कांदाच होता की,” बायको म्हणाली. मग पीस लिलीकडे बघून, “हिचं फदफदं होईल का हो?” होणार नाही, घसा धरेल.

पुढच्या नोव्हेंबरात मी पुन्हा ओरिएंटलचे पाच कंद मागवले आणि या खेपेला वीतभर खोल गाडले. फेब्रुवारीत एक उमललं. गुलाबी, सहा पाकळ्यांचं. त्यातल्या तीन खरं तर निदलं, पण वेष तोच करून आलेली. वास असा की हॉलमध्ये अत्तराची बाटली फुटल्यासारखं झालं. मी वाकून नाक लावलं आणि पांढऱ्या शर्टावर भगव्या परागांची पूड सांडली. ओल्या हाताने पुसली, तर डाग बश्शीएवढा पसरला. चिकटपट्टीने अलगद उचलायची असते, हे नंतर कळलं.

त्याच शर्टात काकूंना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला, चारी बाजूंनी निरखून पाहिलं.

“छान आहे हो,” काकू म्हणाल्या. “पण ही काही लिली वाटत नाही.”