वाजायलंय का बे?

कंपाउंडची भिंत बांधताना मी गवंड्याला बजावलं होतं, वर काचा लाव. त्यानं शहाबादी फरशी बसवली, तीही गुळगुळीत. जुळे सोलापुरातला सगळ्यांत आरामशीर कट्टा अशा रीतीनं माझ्या खर्चानं तयार झाला. संध्याकाळी सातला सहा-सात पोरं त्यावर येऊन बसतात, ती साडेदहाला उठतात. दारू नाही, सिगारेट नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याची छेड नाही. तक्रार करावी असं काही म्हणजे काही करत नाहीत, हाच खरा ताप. "काय बे", "गप बे", "चल बे", "बस की बे". साडेतीन तास नुसता बेचा पाढा.

भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. तो म्हणाला, "मामा, यावर औषध निघालंय. वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसानं 2005 साली एक पेटी काढली. दुकानासमोर घोळका करणाऱ्या पोरांना पळवायची. आवाज 17.4 किलोहर्ट्झचा. साधारण पंचविशीच्या आतल्यांना कान किटेपर्यंत ऐकू येतो, आपल्याला कळतसुद्धा नाही. 2006 साली त्याला इग नोबेल, म्हणजे ते गमतीचं नोबेल, मिळालं. तेही शांततेचं."

"नाव काय पेटीचं?"

"मॉस्किटो."

"मग डासपण जातील का हो?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं. आमच्या घरात खरेदीचा निर्णय याच प्रश्नावर होतो.

जातील असं मी दडपून सांगितलं. भाच्यानं तसलीच एक डबी घरी जोडून दिली, पिएझो ट्वीटर वगैरे लावून. ज्या गावात मिरवणुकीतला डॉल्बी खिडक्यांची तावदानं मोजून जातो, त्या गावात न ऐकू येणाऱ्या आवाजानं कुणाला पळवायचं, ही कल्पनाच मला फार सुसंस्कृत वाटली. डबी जास्वंदीच्या कुंडीमागे ठेवली, वायर खिडकीतून आत घेतली, बटण दाबलं.

शांतता.

"वाजतंय का?" मी विचारलं. भाच्याचं वय एकतीस. त्यानं कान लावला आणि त्याचा चेहरा उतरला. लग्नाचं अजून जमायचंय त्याचं. मग मलाच समजावू लागला, कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्या तोंडाशी बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी असतात, वयाबरोबर त्याच आधी जातात. मला त्यात नवल वाटलं नाही. माझं लहानपण अशोक चौकाकडं गेलं, घरात चार यंत्रमाग. वडिलांशी बोलायचं तर माग थांबेपर्यंत थांबावं लागायचं. पुढं पुढं माग थांबल्यावरही उपयोग होईना. दारावरच्या पहारेकऱ्यांसारख्या त्या पेशी माझ्या बहुधा चाळीतच ठार झाल्या असतील.

पण मग वाजतंय की नाही, हे कळणार कसं? त्यासाठी पोरगंच पाहिजे. नाइलाजानं कट्ट्यावरच्याच एका बारक्याला आत बोलावलं.

"काय ऐकू येतंय का बे?"

"कायतरी पिर्रर्र वाजायलंय काका. डोक्यात जायलंय."

मी खूश होऊन त्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. तिथं चुकलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सातच्या ठोक्याला एक जण फाटकातून डोकावायचा, "काका, आज लई जोरात वाजायलंय." पाचव्या दिवशी चटणीचा डबा संपला तेव्हा बायकोनं विचारलं, "पोरं पळवायलाव का पाळायलाव?"

शनिवारपासून मात्र कट्टा ओस पडला. रविवारीही कुणी नाही. सोमवारीही नाही. मी खुर्ची बाहेर टाकून शांततेत चहा प्यालो. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना स्टेपलटनची सगळी हकिगत ऐकवली, दोन डब्यांची ऑर्डरही घेतली. विज्ञानावर इतका विश्वास मला दहावीतही नव्हता.

त्या रात्री जेवताना पोरगी म्हणाली, "बाबा, ती तुमची डबी मी कधीच बंद केलीय. बारावीचा अभ्यास करू का ते ऐकू?"

"कधी?"

"लावलीत त्याच रात्री. आणि तुमच्या त्या वेल्सच्या पोरांनी तोच आवाज मोबाईलची रिंगटोन केलाय. वर्गात वाजली तरी सरांना कळत नाही."

"मग पोरं कुठं गेली?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, तसं बारावीतली पोरगीच पाहू शकते. "बाबा, गड्डा चालू आहे."

सोलापुरात जन्म काढलेला माणूस मी, आणि सिद्धेश्वराची यात्रा विसरलो. नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावरचे पाळणे, शोभेचं दारूकाम हे सगळं सोडून माझ्या फरशीवर कोण बसणार? तो बारका मात्र इतके दिवस बंद डबीचं पिर्रर्र ऐकून भाकरी खात होता. त्याच्या कानांना इग नोबेल द्यायला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात पाढा पुन्हा सुरू झाला. मी तावातावानं बाहेर गेलो, तर बारक्यानं खिशातून गड्ड्यातली पिपाणी काढली. "काका, तुमच्यासाठी आणली." आता यावर काय बोलणार? इकडंतिकडं बघून मी एकदा फुंकली. चांगली खणखणीत होती, मला स्वच्छ ऐकू आली. म्हणून जरा लांबवली.

वरची खिडकी धाडकन उघडली.

"बाबा, त्या पोरांना हाकला ना हो!"

पोरं चिडीचूप. मी पिपाणी पाठीमागं लपवली आणि त्यांच्याकडं बघून दरडावलं, "गप बसा की बे!"