कळकळ बघा, झाकण बघू नका

मतदान जवळ आलं की लोक विनाकारण गोंधळतात, कारण ते नको तिथे डोकं घालतात. रस्ता किती महिन्यांत उखडला, नळ किती वाजता येतो, हा गडी मागच्या वेळी काय बोलला होता. अहो, असले हिशेब किराणावाल्याशी करायचे असतात. उमेदवाराचं एकच बघायचं. बोलतो ते मनापासून बोलतो का?

आमच्या गल्लीत या परीक्षेत नापास झालेला उमेदवार मी अजून पाहिलेला नाही. परवा एक आले. समोरच्या आजींच्या पाया पडले, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "आजी, तुमाले पाहिलं ना, तं माही माय आठवते." आवाज दाटलेला. आजींनी विचारलं, "ते नालीवरचं झाकण कवा बसवता बाप्पा? दोन पावसाळे झाले." यावर ते गहिवरले. उत्तर देण्यापेक्षा गहिवरणं किती अवघड असतं, हे टीका करणाऱ्यांना कळत नाही.

कळकळ ओळखायच्या काही खुणा सांगून ठेवतो. घामावर एकदम विश्वास टाकू नका. २०२४ साली आपल्याकडे लोकसभेचं मतदान १९ एप्रिलला झालं. त्या दिवसांत नागपुरात उमेदवारालाही घाम येतो आणि कूलरचा पंप बदलायला आलेल्या पोट्ट्यालाही. विधानसभेचं मतदान मात्र २० नोव्हेंबरला होतं. नोव्हेंबरात ज्याला घाम फुटला त्याची कळकळ अस्सल समजा, नाहीतर त्याच्या विरोधात बंडखोर उभा असेल. डोळ्यांतल्या पाण्याचंही तसंच. टपरीवर उभं राहून जनतेसोबत तर्री पोहे खाताना आलेलं पाणी निम्मंच धरावं.

निवडणूक महापालिकेची असेल तर काम चौपट. २०१७ साली नागपुरात ३८ प्रभाग आणि १५१ जागा होत्या, म्हणजे जवळजवळ प्रत्येक मतदाराने चार बटणं दाबायची. चार जणांची कळकळ एकट्याने मोजणं ही काय थट्टा आहे? त्यातल्या त्यात सोपं म्हणजे पॅनेलमधला एक रडला की उरलेले तिघे त्याच खात्यात धरायचे. बायकांसाठी राखीव जागेवर जरा पंचाईत होते. तिथे उमेदवार बाई असतात आणि कळकळ त्यांच्या मिस्टरांची असते. बाई फोटोत नमस्कार करून उभ्या, बोलतात हे, रडतात हे, "मी तुमच्यासाठी अर्ध्या रात्री धावून येईन" म्हणतात तेही हेच. मशीनवर मिस्टरांच्या नावाचं बटण नसतं, ही आयोगाची नजरचूक समजा आणि भावना पोचवा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र वाचू नका. उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण मतदाराला कळलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवलं आणि तेव्हापासून ही कटकट मागे लागली. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं तर आयोगाच्या वेबसाईटवर घरबसल्या उघडतात, म्हणून जास्तच जपायला हवं. मागच्या निवडणुकीचं आणि आताचं शेजारी शेजारी ठेवून मालमत्तेचा आकडा पाहिलात, तर समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणी दिसेनासं होतं. २०१८ साली न्यायालय आणखी पुढे गेलं. ज्याच्यावर खटले आहेत त्याने ते वर्तमानपत्रांत निदान तीन वेळा जाहीर करावेत म्हणे. वर्तमानपत्राचा खरा उपयोग पोह्यांखाली होतो हे आपण जाणतोच. तर्री सांडली की कलमांचे आकडे लागत नाहीत. पुढे २०२० मध्ये पक्षांनाही सांगितलं की खटले असलेलाच माणूस का निवडला ते लिहून द्या, आणि 'निवडून येईल' एवढं कारण चालणार नाही. मग बिचाऱ्यांनी लिहायचं काय? समाजकार्याची कळकळ! बघा, फिरून फिरून आपण तिथेच आलो.

ही वस्तू टिकाऊ किती, ते पाहायचं तर वेगळ्या विदर्भाकडे पाहा. १९५३ साली विदर्भाला मराठी राज्यात घेण्याचा नागपूर करार झाला, १९५५ साली राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. तेव्हापासून या विषयावर माईक धरलेला प्रत्येक जण मनापासून बोलला आहे, एकही खोटारडा मला आठवत नाही. कळकळ वापरली असती तर झिजली असती. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की स्वेटरांबरोबर ती पेटीतून निघते, चार दिवस ऊन खाते, आणि मुंबईच्या गाड्या परतल्या की डांबराच्या गोळ्या टाकून पुन्हा आत.

आता कुणी म्हणेल, सगळेच नाटकी नसतात. अगदी बरोबर. एकदा आम्ही खरोखर, हाडाचा प्रामाणिक माणूस निवडून दिला होता. चहाचे पैसेसुद्धा स्वतःच्या खिशातून द्यायचा. गल्लीचं भलं सिमेंट रस्त्यात आहे, असं त्याला आतून वाटायचं. जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच नवा ओतला. रस्ता वर आला, घरं खाली गेली. चोर असता तर अर्ध्यावर सिमेंट वाचवून पळाला असता आणि आम्ही वाचलो असतो. हा उन्हात छत्री न घेता उभा राहिला आणि शेवटच्या इंचापर्यंत ओतून घेतलं. पहिल्या पावसाचं पाणी देवघरापर्यंत आलं, तेव्हा रात्री दोन वाजता पँट दुमडून आमच्यासोबत बादलीने उपसत होता. रडत होता. पुढच्या निवडणुकीत आम्ही सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. असा माणूस पुन्हा मिळतो का? त्यानेही उपकार ठेवले नाहीत, पलीकडच्या गल्लीचंही तसंच भलं केलं.

हां, परवाच्या उमेदवारांची गोष्ट अर्धी राहिली. ते गहिवरले, खिशातून रुमाल काढला, कार्यकर्त्याने मोबाईल वर धरला. आजी म्हणाल्या, "काहून रडून राहिला बाप्पा? म्या तं झाकनाचं इचारलं." त्यावर ते आणखी भरून आले. "तुमच्यासाठी जीव तुटते माहा," म्हणाले आणि फोटोत गल्ली पूर्ण यावी म्हणून हात जोडूनच एक पाऊल मागे सरकले. मग आणखी एक.

गुडघ्यापर्यंत गेला पाय. तोंडातून जे निघालं ते इथे छापता येत नाही. कार्यकर्त्याने मोबाईल खाली घेतला. आजी पायरीवरून उठल्याही नाहीत.

"आता बोलला पोट्टा मनापासून," म्हणाल्या.