मल्याळम म्हणजे भारीच असणार!

सिनेमाचा विषय निघाला की लोकांचं एक वाक्य ऐकून कान किटलेत: ‘मल्याळम सिनेमा ना? मग भारीच असणार!’ अरे, आधी बघा तरी! २०२४ च्या नाताळात तिथल्या सुपरस्टार मोहनलालनं स्वतः दिग्दर्शित केलेला ‘बरोज’ आला आणि आपटला. तो यांच्या गावीच नाही. आपल्यापर्यंत ओटीटीवर गाळून आलेले चार चांगले सिनेमे बघायचे आणि अख्ख्या केरळला प्रमाणपत्र वाटत सुटायचं.

बरं, बघतात तरी कसे? हिंदी डबिंग, दीडपट वेग, हातात दुसरा मोबाईल. ‘मंजुम्मल बॉईज’मध्ये कोडाईकनालच्या गुहेत मित्र पडलाय, मल्याळी पोरं तमिळ पोलिसांपुढे जीव तोडून गयावया करतायत. दोन्ही बाजू एकाच गुळगुळीत हिंदीत बोलायला लागल्या की त्या ओढाताणीतलं काय डोंबल उरणार? वर ‘जरा स्लो आहे’ हा शेरा! ‘किष्किंधा कांडम’मध्ये विजयराघवन या नटानं रंगवलेला तो विसराळू, खडूस म्हातारा नुसता गप्प बसतो तेव्हाच खरी गंमत असते. तेवढंच हे पठ्ठे पुढे ढकलतात, आणि मग विचारतात, ‘शेवट कळला नाही, सांग ना.’ नाही सांगत!

आणि शेवटी ठरलेली गाडी: ‘आपल्या मराठीत असं का होत नाही?’ मराठी सिनेमा थेटरात लागला होता तेव्हा कुठे होतात हो? दुपारी बाराच्या शोला मी आणि दोन आजोबा होतो, त्यातले एक घोरत होते.