‘गू यूल’ ही शुभेच्छा व्हायकिंगांची असल्याचा दावा कितपत टिकतो?

डिसेंबर लागला की एक मजकूर दरवर्षी फिरू लागतो. त्याचा आशय असा की, स्वीडन-नॉर्वेतील ‘गू यूल’ ही नाताळची शुभेच्छा मूळची व्हायकिंगांची, म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्म पाळणाऱ्या जुन्या उत्तर युरोपीय दर्यावर्दींची आहे, ‘यूल’ म्हणजे सूर्याचे चाक, आणि चर्चने हा सण तारखेसकट बळकावला. यातील एक गोष्ट खरी आहे आणि ती आधीच मान्य केली पाहिजे: ‘यूल’ हा शब्द ख्रिस्ती धर्म उत्तरेत पोहोचण्यापूर्वीचा आहे. इंग्लंडमधील बीड या भिक्षूने 725 साली नोंदवले आहे की, जुने इंग्रज लोक डिसेंबर आणि जानेवारी या दोन्ही महिन्यांना ‘गिउली’ म्हणत. मात्र शब्द जुना आहे एवढ्यावरून बाकीचे सारे सिद्ध होत नाही.

चाकाचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कच्चाही. आजच्या स्वीडिश भाषेत चाक या अर्थाच्या शब्दातील आरंभीचा ‘ह’ उच्चारला जात नाही, त्यामुळे तो आणि सणाचे नाव कानाला एकसारखेच ‘यूल’ ऐकू येतात. आइसलँडमध्ये तो ‘ह’ टिकून आहे. तेथे सण ‘योल’ आणि चाक ‘ह्योल’. जुन्या इंग्रजीतही सण ‘येओल’, तर चाक ‘ह्वेओल’. चाकाच्या या शब्दाचे नाते आपल्या ‘चक्रा’शी आहे, कारण मूळच्या ‘क’चा जर्मानिक भाषांत (इंग्रजी, स्वीडिश, आइसलँडिक वगैरे) ‘ह’ झाला. सणाच्या नावाच्या आरंभी असा ‘ह’ कधी नव्हताच. बीडने गिउलीचा संबंध दिवस वाढू लागण्याशी जोडला आहे हे खरे, पण चाकाचा त्याच्याकडे उल्लेख नाही. यूलचे नाते ज्युलियस सीझरशी लावणाऱ्यांसाठी एवढेच पुरे की, त्याच्या नावाचा महिना जुलै आहे.

आता शुभेच्छेकडे वळू. ‘गू’ म्हणजे ‘चांगला’. लिहिताना तो शब्द इंग्रजीतील देववाचक शब्दासारखा दिसतो, पण स्वीडिशमध्ये देवासाठी ‘गूद’ हा वेगळा शब्द आहे. इसवी सन 900 च्या सुमारास रचलेल्या, नॉर्वेच्या हाराल्ड राजाच्या स्तुतिकाव्यात यूल ‘पिण्याची’ भाषा आहे: राजाला यूल समुद्रावर प्यायचा आहे. म्हणजे तेव्हाचा यूल मद्यपानाच्या मेजवानीचा होता. पश्चिम नॉर्वेच्या ख्रिस्ती काळातील गुलातिंग कायद्याने हीच चाल पुढे चालवली. नाताळच्या रात्रीसाठी गाळलेली बिअर ‘चांगले वर्ष आणि शांतता’ यांसाठी ख्रिस्त आणि मेरी यांना अर्पण करावी, असे तो सांगतो. आजच्या शुभेच्छेच्या आशयाशी जुळणारे काही शोधायचेच असेल, तर ते या वाक्यात सापडते, आणि तेही ख्रिस्ती कायद्यात.

तारखेचा दावा तर उलटाच आहे. 25 डिसेंबर ही ख्रिस्तजन्माची तारीख रोममधील 354 सालच्या एका संग्रहात आधीच नोंदलेली आहे, आणि नॉर्वे ख्रिस्ती होण्याला तेव्हा कित्येक शतकांचा अवकाश होता. तेराव्या शतकातील इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन लिहितो की, पूर्वी यूल मध्यहिवाळ्याच्या रात्री सुरू होऊन तीन रात्री चाले. इंग्लंडच्या राजदरबारात वाढलेला नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याने दहाव्या शतकात कायदा केला की, यूल ख्रिस्ती लोकांच्या नाताळाबरोबरच पाळावा आणि प्रत्येकाने ठरावीक माप बिअर गाळून ती संपेपर्यंत सण पाळावा. स्नोरीने हे अडीचशेहून अधिक वर्षांनंतर लिहिले, म्हणून त्याचा प्रत्येक तपशील अक्षरशः धरता येत नाही. परंतु त्याच्या वृत्तांतात जागा सोडली ती यूलने, नाताळाची तारीख हलली नाही.