प्रेमाने दिलं तर यादी कशाला ठेवता?

"ताई, तुमचे अकराशे लिहून टाकलेत."

विचारलं नाही. लिहून टाकलेत. मी झेरॉक्स मशीनपाशी उभी, समोर दाखल्यांचे कागद घेऊन आलेल्या पोरांची रांग, आणि आमच्या व्यापारी संघटनेचे दोन पदाधिकारी काउंटरवर कोपरं टेकून. साहेबांचा, म्हणजे आमच्या भागातून निवडून आलेल्या पुढाऱ्याचा वाढदिवस आहे, चांदीची गदा द्यायचं ठरलंय. कोणी ठरवलं? मीटिंगमध्ये ठरलं. कुठल्या मीटिंगमध्ये? मला निरोप नाही, मेसेज नाही. बरं, पावती द्या म्हटलं. "पावती कसली ताई, प्रेमाची भेट आहे ही!"

मग हातात वही कसली? माझ्या डोळ्यांसमोर उघडी होती ती. दुकानवार नावं, नावापुढे आकडा, आणि ज्यांनी दिले नव्हते त्यांच्यापुढे कोरी जागा. मी विचारलं, ही वही कशाला? दोघांपैकी वयाने मोठे होते ते आवाज खाली आणून म्हणाले, "ही साहेबांच्या पीएकडे द्यावी लागते ना. कोणी दिले, कोणी नाही, त्यांना बघायचं असतं."

तिथे माझं डोकं फिरलं आणि ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. प्रेमाची भेट आणि तिची हजेरी? तुमच्या मुलीच्या लग्नात कोणी पाकीट दिलं नाही तर तुम्ही त्याच्या दुकानाचा परवाना अडवता का? नाही ना? कारण तुमच्या हातात त्याचा परवाना नाही. साहेबांच्या हातात आहे. बाजारपेठेतला रस्ता, गटार, अतिक्रमणाची नोटीस, नगरपालिकेच्या गाळ्यांचा लिलाव, सगळं त्यांच्या एका फोनवर हलतं आणि एका फोनवर थांबतं. म्हणून ती वही. मी दिले नाहीत. तोंडावर नाही म्हणून सांगितलं. जाताना तो धाकटा म्हणतो, "ताई, एवढ्याशा अकराशेसाठी कशाला वाईटपणा घेता?"

एवढ्याशा! माझ्याकडे एक पान दोन रुपयांना निघतं. अकराशे म्हणजे किती पानं, ते तू उभा राहून काढ आणि मग मला एवढ्याशा म्हण.

आणि वाईटपणा मी घेतला? दुकानाच्या पाटीवर गेल्या वर्षी याच वाढदिवसाचा फ्लेक्स चढवला होता, माझी पाटी दिसेना, ऊन येईना, गिऱ्हाईक विचारत होतं दुकान बंद झालं का. काढा म्हटलं तर "दोन दिवस राहू द्या", आणि दोन दिवसांचा महिना झाला. फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून माझंच नाव छापलेलं, मला न विचारता! शाळेतल्या पोरांना लेझीम घेऊन दोन तास उन्हात उभं केलं ते कोणाच्या स्वागतासाठी? त्यात माझी भाची होती. घरी येऊन ओकली. तेव्हाही हेच ऐकलं, प्रेमाने करतात हो लोक.

माझा भाऊ ग्रामसेवक आहे. वरच्यांचा दौरा लागला की त्याचा चेहरा उतरतो. विश्रामगृहावर मटण, भाकरी, सोबतच्या तीस माणसांचं जेवण, गाड्यांचं डिझेल, ड्रायव्हर लोकांची सोय. शासन याचं बिल देत नाही. ग्रामसेवक, तलाठी, सर्कल यांच्यात वाटून घ्यायचं. वरच्याला पाहुणचार मिळतो, खालच्याला खड्डा पडतो. तो खड्डा पगारातून भरणारे माझ्या भावासारखे काही आहेत, घरी वहिनीची बोलणी खात भरतात. पण सगळे भरतात का? सातबाऱ्यावर नाव लावायला आलेल्या म्हातारीकडून जे पाचशे काढले जातात, त्यातले किती विश्रामगृहाच्या रश्श्यात गेलेले असतात ते विचारा एकदा. म्हणून "साधं जेवण तर आहे, त्यात काय भ्रष्टाचार" असं माझ्यासमोर कोणी म्हणालं की मला राहवत नाही. जेवण कोणी घातलं, पैसे कोणाच्या खिशातून गेले आणि त्याने ते पुढे कोणाच्या खिशातून काढले, हे तिन्ही सांगा, मग साधं म्हणा.

सरकारी नोकरांना नियम किती आहेत! महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चे आहेत, भेटवस्तू घेण्यावर त्यात बंधन आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना तर आकडाच घालून दिलाय, 2019 पासून वरच्या दोन वर्गांना पाच हजार आणि क वर्गाला दोन हजार, त्यावर गेलं की सरकारची परवानगी घ्या. आणि लोकप्रतिनिधींना? राज्यसभेच्या आचारसंहितेत म्हटलंय की कर्तव्याच्या आड येईल अशी भेट घेऊ नये, किरकोळ भेटी, स्वस्त स्मृतिचिन्हं आणि रूढ पाहुणचार मात्र चालेल. रूढ म्हणजे कुठवर? कोणाच्या घरचा रूढ? माझ्या घरी पाहुण्याला पोहे आणि चहा मिळतो. जूनअखेरीस अॅफिडेव्हिटं करायला शेतकरी दिवसभर माझ्या दुकानाबाहेर उभे असतात, त्यांच्या पाहुणचाराची रूढी मला माहीत आहे.

आठवा 2022 चा जून. सत्ताधारी पक्षाचे आमदार आधी सुरतच्या हॉटेलात, मग गुवाहाटीच्या. आसामात त्याच दिवसांत पूर आलेला, लोक छपरावर. आणि आपण इथे काय करत होतो? "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" म्हणत मोबाइलवर हसत होतो. टीशर्ट निघाले, रिंगटोन निघाल्या. विमानाचं भाडं, हॉटेलाचं बिल यांचा विषय निघाला होता, तो त्या हशाखाली गाडला गेला. माझ्या दुकानात त्या आठवड्यात आलेला एकही माणूस मला त्यावर चिडलेला दिसला नाही, त्याचा मला आजही संताप आहे. आणि एका पक्षाची बाजू मी घेत नाही. 2019 च्या नोव्हेंबरात काँग्रेसचे आमदार जयपूरच्या रिसॉर्टवर होते, बाकीच्यांचे मुंबईतल्या हॉटेलांत. आपण मत दिलेली माणसं उचलून नेतात, खाऊ घालतात, आणि सभागृहात मत कुठे पडणार ते खोलीची चावी ज्याने दिली तो ठरवतो. याला पाहुणचार म्हणायचं?

दर वेळी एकच वकिली पॉइंट येतो. "बदल्यात काय काम केलं ते दाखवा." आमचे सेक्रेटरीही हेच म्हणाले, साहेबांनी आपल्याकडून काम करून द्यायचे पैसे कधी घेतले का? अहो, गदा देऊन काम विकत घेत नाही कोणी! गदा देऊन दार विकत घेतात. उद्या दोघांचे अर्ज पीएच्या टेबलावर आले की एकाला आत बोलावतात आणि दुसऱ्याला "साहेब मीटिंगमध्ये आहेत". कुठे लिहिलेलं नसतं, कोणी कोणाला काही सांगितलेलं नसतं, कोर्टात सिद्ध करायला कागद नसतो. लाच घेताना निदान भाव ठरतो आणि काम झालं की हिशेब मिटतो. भेटीचा हिशेब मिटत नाही. ती दर वर्षी वाढते आणि दर वर्षी दिली नाही तर अपराध होतो.

आणि हे मी शोधून काढलेलं नाही, कायद्याला हे दीडशे वर्षांपासून कळलेलं आहे. जुन्या भारतीय दंडविधानाचं 165 वं कलम हेच सांगायचं: ज्याचं काम तुझ्यापुढे आहे त्याच्याकडून फुकट मौल्यवान वस्तू घेतलीस की गुन्हा झाला, बदल्यात काही केलंस की नाही हा प्रश्नच नाही. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात ते 11 वं कलम म्हणून आलं, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. सिंगापूरच्या दंडविधानात इंग्रजांनी आपलंच कलम नेऊन ठेवलं, तिथेही आकडा 165 च. मुख्यतः त्या कलमाखाली 2024 च्या ऑक्टोबरात त्यांचे माजी वाहतूकमंत्री ईश्वरन यांना बारा महिन्यांचा तुरुंगवास झाला. घेतलं काय होतं? फॉर्म्युला वनच्या शर्यतीची आणि फुटबॉलची तिकिटं, व्हिस्की, एक सायकल, दोहाचा खासगी विमानाचा प्रवास. सगळं मिळून चार लाख सिंगापूर डॉलरांच्या वर. लाचखोरीचे मूळ आरोप बदलून सरकारी वकील या कलमावर आले, सहा-सात महिने मागत होते. न्यायाधीशांनी बारा दिले!

आपण काय केलं? आपल्या कायद्यात 13 व्या कलमाखाली सवयीने अशा फुकट वस्तू घेणाऱ्यासाठी वेगळा गुन्हा होता. 2018 च्या दुरुस्तीत तो काढून टाकला. 11 वं कलम आहे अजून पुस्तकात. पण गदा-तलवारी घेऊन स्टेजवर फोटो काढणाऱ्या एखाद्या आमदारावर ते लागलेलं तुम्ही ऐकलंय? फोटो तर ते स्वतःच टाकतात! पुरावा शोधायला कोणाला घराबाहेर पडावं लागत नाही.

"वाढदिवसाचं प्रेम" हे कारण सुप्रीम कोर्टासमोरही जाऊन आलंय. जयललितांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात वाढदिवसाला मिळालेल्या भेटी हे कायदेशीर उत्पन्न म्हणून दाखवलं होतं, प्राप्तिकर भरला होता असंही सांगितलं होतं. 2017 च्या फेब्रुवारीत कोर्टाने ते मानलं नाही. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1951 मध्ये, मुंबईच्या सराफांच्या बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून लाभ घेऊन संसदेत त्यांची बाजू मांडली म्हणून एच. जी. मुद्गल या खासदाराला घालवायचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला होता, आणि मुद्गल होते नेहरूंच्याच पक्षाचे. तेव्हा जमत होतं. आज आमच्या गावचा साहेब स्टेजवर सोन्याची चेन गळ्यात घालून घेतो आणि खाली बसलेले प्रांताधिकारी टाळ्या वाजवतात.

इंग्लंडमध्ये 2024 साली पंतप्रधान स्टार्मर यांच्यावर टीकेची झोड उठली ती कशावरून, तर एका श्रीमंत पाठीराख्याने दिलेले कपडे आणि चष्मे. काही भेटींचे पैसे त्यांना परत करावे लागले, सहा हजार पौंडांवर. ते पकडले गेले कारण तिथे खासदाराला भेट नोंदवावी लागते आणि ती नोंद कोणालाही वाचता येते. आपल्याकडे उमेदवारी भरताना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र, मग पाच वर्षं गदा कोणी दिली, गाडी कोणी दिली, लग्नाचा मांडव कोणी घातला, लिहायची गरज नाही. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे, त्यात भेटवस्तूंचा रकाना नाही. लोकसभेत ती वहीच नाही.

मला उद्या कायदा करता आला तर मी एवढंच करीन: आमदार, खासदार, नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य, प्रत्येकाने घेतलेली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक मुक्काम महिन्याच्या आत, देणाऱ्याच्या नावासकट आणि त्याचं कुठलं काम सरकारदरबारी पडलंय त्यासकट, संकेतस्थळावर. नाही टाकलं तर पद गेलं. पाच हजारांवरची वस्तू सरकारजमा. शाल आणि नारळ ठेवा खुशाल.

संध्याकाळी संघटनेच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं. दोघांनी मला फोन करून "बरोबर बोललीस" म्हटलं, ग्रुपवर मात्र अंगठासुद्धा नाही. अरे, घाबरता कोणाला? गाळ्याचं भाडं आपण भरतो, जीएसटी आपण भरतो, साहेबांचं मानधन त्यातून जातं. ज्यांनी पैसे दिलेत त्यांना मी विचारते, तुमच्या वहीत हे अकराशे कुठे लिहिलेत? जाहिरात? वर्गणी? किरकोळ? माझ्या सीएला मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, कायद्याने बंदी असलेला खर्च धंद्याचा खर्च म्हणून धरता येत नाही, आणि पावती नसेल तर मला दाखवूही नका." हे त्याचं उत्तर मी ग्रुपवर टाकलंय. सेक्रेटरींनी अजून खुलासा केलेला नाही, आणि तो येईपर्यंत मी तिथे रोज विचारणार आहे.