आधी खटला, मग गोळ्या

हेरगिरीच्या संशयावरून भारतात कुणाला अटक झाली की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अर्ध्या तासात निकाल लागतो : भर चौकात गोळ्या घाला. आरोपी गणवेशातला असला तर खटल्याचीही गरज उरत नाही. हॅम्बुर्गहून मी काही बोललो की उत्तर तयार असतं, तू युरोत पगार घे, देशभक्ती आमची आम्ही बघतो. टोमणा अगदीच खोटा नाही. ज्याचा भाऊ चौकीवर आहे त्याचा संताप मला इथे बसून यायचा नाही.

पण मी राहतो त्या देशाने हा प्रयोग पुरेपूर करून पाहिला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करी न्यायालयांनी सुमारे ३०,००० मृत्युदंड सुनावले. २०,००० च्या आसपास अमलात आले. त्यांत बहुतेक पळून गेलेले सैनिक. युद्धकाळातल्या फितुरीचं कलम वेगळं होतं, आणि १९३४ नंतर त्याला शिक्षा एकच, मृत्यू. व्याख्या इतकी सैल की ज्यूंना मदत करणाराही त्यात सापडे.

युद्ध संपलं तरी हे सैनिक गुन्हेगारच राहिले. शिक्षा सुनावणारे मात्र सुखात होते. नौदलात न्यायाधीश असलेले हान्स फिलबिंगर पुढे एका राज्याचे मुख्यमंत्री झाले. जुने मृत्युदंड उजेडात आले तेव्हा १९७८ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. पळून गेलेल्यांच्या शिक्षा संसदेने २००२ मध्ये सरसकट रद्द केल्या, पण फितुरांच्या नाही. त्यांनी शत्रूला खबर दिल्यामुळे आपलेच सोबती मेले असतील तर, हा आक्षेप होता. मला तो आजही वजनदार वाटतो. शेवटी २००९ मध्ये त्याही शिक्षा एकमताने रद्द झाल्या. यासाठी वर्षानुवर्षं झगडलेले लुडविग बाउमान १९४२ मध्ये बोर्दोहून पळाले होते, पकडले गेले, मृत्युदंडातून जेमतेम वाचले.

आता गंमत बघा. बाउमान पळाले त्याच सुमारास ड्रेस्डेनजवळच्या क्योनिग्सब्रुकमध्ये भारतीय युद्धकैदी नेताजींच्या सैन्यात दाखल होत होते आणि शपथेत हिटलरचंही नाव घेत होते. त्यांनी ब्रिटिश राजाची शपथ मोडली होती. तिकडे पूर्वेकडच्या आझाद हिंद सेनेतले शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लों १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात कोर्ट मार्शलपुढे उभे राहिले. आरोप राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, भारतीय दंड संहितेचं कलम १२१. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई त्यांच्या बाजूने लढले. तिघेही दोषी ठरले, जन्मठेप झाली, आणि देशभरातला क्षोभ पाहून सरसेनापती ऑकिन्लेक यांनी ती माफ केली. फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला तेव्हा या सेनेच्या कैद्यांची सुटका हीही त्यांची एक मागणी होती.

ग्रुपवर यांना फितूर म्हणण्याची कुणाची छाती नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या कलमाखाली ते दोषी ठरले, ते नव्या न्याय संहितेत १४७ क्रमांकाने जिवंत आहे.

ते असावंच, असं माझं मत. शत्रूला चौकीचा ठावठिकाणा विकणाऱ्या जवानाबद्दल मला जराही कणव नाही. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यात अशा कृत्यांची नेमकी यादी आहे. मृत्युदंड आहे, पण त्यासाठी कोर्ट मार्शलच्या किमान दोनतृतीयांश सदस्यांचं एकमत लागतं. जर्मन कलमात नव्हता तो नेमकेपणा इथे आहे. ग्रुपवरच्या मंडळींना नेमकी हीच अडगळ वाटते. लाल किल्ल्यातला खटला मुळात झालाच नसता, तिघांना बर्मातच गुपचूप गोळ्या घातल्या असत्या, तर देसाईंचा युक्तिवाद कुणाच्या कानी पडला असता, हे मी परवा विचारलं. उत्तरादाखल तिरंग्याचं स्टिकर आलं.